बाजाराशी तडजोड करू पाहणारा बोल्शेविक

मार्च १९३८ मध्ये मॉस्कोत चाललेल्या एका खटल्यात सोव्हिएत सहकारी ग्राहक संस्थांच्या मध्यवर्ती संघाचा प्रमुख इसाक झेलेन्स्की याने न्यायासनासमोर एक विलक्षण कबुली दिली. लोकांत असंतोष पसरावा म्हणून आपल्या साथीदारांनी लोण्यात काचेचे तुकडे आणि खिळे मिसळले, साखर-मिठाचा पुरवठा विस्कळीत केला, मॉस्कोला अंडी मिळू दिली नाहीत, असे त्याने सांगितले. त्याच पिंजऱ्यात त्या दिवशी निकोलाय बुखारिन बसला होता. दुकाने रिकामी का राहतात, या प्रश्नाचे उत्तर तो दहा वर्षांपूर्वीच देऊन चुकला होता. त्या उत्तरात काच नव्हती, खिळे नव्हते आणि कटही नव्हता. शेतकऱ्याला परवडेल असा भाव द्यावा आणि त्याच्या पैशाला विकत घेता येईल असा माल बाजारात आणावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. दुकाने रिकामी ठेवणाऱ्या कटाचा एक सूत्रधार म्हणून शासनाने मात्र त्यालाच उभे केले होते.

बुखारिनचा जन्म ९ ऑक्टोबर १८८८ रोजी मॉस्कोत एका शिक्षक दाम्पत्याच्या पोटी झाला. वडिलांनी काही वर्षे बेसाराबियात कर निरीक्षकाची नोकरी केली, ती सुटल्यावर कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस आले. मुलाला लहानपणापासून दोन छंद होते. एक पुस्तकांचा आणि दुसरा पाखरे-फुलपाखरे जमवण्याचा. दुसऱ्या छंदाने त्याची अखेरपर्यंत सोबत केली. १९०५ च्या उठावाने शाळकरी बुखारिन राजकारणात ओढला गेला आणि पुढच्या वर्षी तो बोल्शेविक पक्षात दाखल झाला. मॉस्को विद्यापीठात त्याने अर्थशास्त्राचे शिक्षण सुरू केले, पण ते अटकांमुळे अपुरेच राहिले. १९११ मध्ये उत्तरेतील ओनेगा येथे झालेल्या हद्दपारीतून तो निसटला आणि जर्मनीत पोहोचला.

परदेशातील सहा वर्षांनी त्याला घडविले. क्राकोत त्याची लेनिनशी भेट झाली. व्हिएन्नात तो ब्योम-बावेर्क याच्या व्याख्यानांना जाऊन बसत असे. बाजारातील किंमत ही ग्राहकाच्या मनातील उपयुक्ततेवरून ठरते, असे सांगणाऱ्या ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचा हा अध्वर्यू मार्क्सचा कडवा टीकाकार होता. त्याचे खंडन करण्यासाठी बुखारिनने एक ग्रंथच लिहिला. प्रतिपक्षाचे म्हणणे मुळातून वाचायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे, ही सवय त्या काळच्या क्रांतिकारकांत दुर्मीळ होती. पुढे स्वित्झर्लंड, स्कँडिनेव्हिया आणि अखेर न्यूयॉर्क असा प्रवास करून १९१७ च्या क्रांतीच्या वर्षी तो मायदेशी परतला. डिसेंबरात पक्षाचे मुखपत्र प्रावदा त्याच्या हाती आले. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

या तरुण संपादकाला तडजोड मुळीच ठाऊक नव्हती. जर्मनीशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करण्याच्या प्रश्नावर त्याने १९१८ मध्ये लेनिनविरुद्ध बंड पुकारले आणि पक्षातील डाव्या गटाचे नेतृत्व केले. पुढच्या दोन वर्षांत यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत जी व्यवस्था उभी राहिली, तिचा तो सर्वात उत्साही भाष्यकार झाला. खासगी व्यापारावर बंदी, कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण, शहरवासीयांना रेशन आणि सशस्त्र तुकड्या पाठवून शेतकऱ्यांकडून सक्तीची धान्यवसुली, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. तिला युद्धकालीन साम्यवाद असे नाव पडले. प्रेओब्राझेन्स्की याच्या साथीने बुखारिनने लिहिलेली साम्यवादाची बाराखडी जगभरच्या कार्यकर्त्यांच्या हाती पोहोचली. पैसा आणि बाजार आता लवकरच अंतर्धान पावतील, ही त्या पुस्तकातील श्रद्धा होती. १९२० मधील दुसऱ्या एका ग्रंथात तर नवा समाज घडविण्याचे साधन म्हणून सक्तीचेही त्याने समर्थन केले. या वाक्यांची किंमत पुढे त्याला स्वतःलाच मोजावी लागली.

प्रत्यक्षात बाजार कोठेही गेला नव्हता. तो आगगाडीच्या टपावर बसला होता. शहरातील कामगार, सैनिकांच्या बायका, शिक्षक, कारकून हातात कापड, घड्याळ, मीठ, काड्यापेट्या घेऊन खेड्यापाड्यांत जात आणि पाठीवर पिठाची गोणी घेऊन परतत. त्यांना गोणीवाले म्हणत. वाटेत स्थानकांवर पहारे असत, गोण्या जप्त होत, प्रसंगी गोळ्याही झाडल्या जात. तरीही हा ओघ थांबेना. १९१८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस भूक इतकी वाढली, की मॉस्को आणि पेट्रोग्राडच्या सोव्हिएतांना माणशी दीड पूड, म्हणजे सुमारे २४ किलो धान्य आणण्याची सूट काही आठवड्यांपुरती द्यावी लागली. शहरांतील निम्मे धान्य सरकारी अन्न खाते पुरवते आणि उरलेले निम्मे चोरटे व्यापारी पुरवतात, हे १९१९ मध्ये खुद्द लेनिनने मान्य केले. ज्याला नफेखोर म्हणून तुरुंगात घालायचे, त्याच्याच पाठीवरून राजधानीचा अर्धा घास येत होता.

मॉस्कोत या व्यापाराचे केंद्र होते सुखारेव मनोऱ्याच्या पायथ्याचा बाजार. सुखारेवकावर काय मिळत नसे? फाटक्या बुटांपासून सरदारघराण्यातील चांदीच्या चमच्यांपर्यंत आणि चोरून आणलेल्या रेशनच्या पावापर्यंत सारे तेथे विकले जाई. डिसेंबर १९२० मध्ये सरकारने तो बंद केला. पण मनोऱ्याखालचा बाजार हटविला, तरी प्रत्येक छोट्या मालकाच्या मनातला बाजार कसा हटविणार, हा प्रश्न त्याच सुमारास लेनिनलाही पडला होता.

उत्तर शेतकऱ्यांनी दिले. धान्य जप्तच होणार असेल तर ते पिकवायचे कशाला, असा विचार करून त्यांनी पेरा घटवला. तांबोव प्रांतात उठाव झाला. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नौसैनिकांनी बंड केले आणि त्यांच्या मागण्यांत शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर आणि गुरांवर मोकळीक द्यावी, ही मागणी होती. बंड रक्तात बुडविण्यात आले, पण त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने सक्तीची वसुली रद्द केली. तिच्या जागी ठरावीक धान्यकर आला. कर भरल्यावर उरलेले धान्य विकायला शेतकरी मोकळा झाला. नवे आर्थिक धोरण, म्हणजेच नेप, ते हेच. चोरटा व्यापार बघताबघता राजमान्य झाला. १९२२-२३ मध्ये देशातील किरकोळ विक्रीपैकी सुमारे तीन चतुर्थांश विक्री खासगी व्यापाऱ्यांच्या हाती होती. चेर्वोनेत्स या नव्या चलनाने रुबलची घसरण थांबवली. बाजार, जत्रा, भोजनगृहे पुन्हा गजबजली. काल ज्याची गोणी जप्त झाली होती, तो आज परवाना घेऊन दुकान थाटून बसला. त्याला नेपमन हे नाव मिळाले आणि त्याच्याविषयी प्रचंड मत्सरही.

बुखारिनच्या आयुष्याचे वळण येथे आहे. बहुतेक बोल्शेविकांनी नेप हे नाइलाजाने घ्यावे लागलेले कडू औषध मानले. बुखारिन मात्र विचार करीत राहिला आणि आपल्या आधीच्या मतांपासून खूप दूर निघून गेला. शेतकरी हा जिंकायचा शत्रू नसून देशातील सर्वात मोठा ग्राहक आहे, असे तो मांडू लागला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तर तो नांगर, कापड, खिळे, रॉकेल विकत घेईल, त्या मागणीवर सरकारी कारखाने चालतील आणि त्यातून हळूहळू समाजवादाकडे जाता येईल, असा त्याचा हिशेब होता. खासगी दुकानदाराला दंडुक्याने हटविण्यापेक्षा सहकारी दुकानाने त्याच्याहून स्वस्त आणि चांगला माल देऊन त्याला स्पर्धेत हरवावे, असे त्याचे मत होते. त्याने गोगलगायीच्या वेगाने जाण्याची तयारी दाखवली. घाईने मोडतोड करण्यापेक्षा तो वेग त्याला बरा वाटत होता.

१९२३ मध्ये या विचाराची कसोटी लागली. कारखान्यांचा माल इतका महागला आणि धान्य इतके स्वस्त झाले, की युद्धापूर्वीच्या तुलनेत शेतकऱ्याला त्याच मालासाठी जवळपास तिप्पट धान्य मोजावे लागू लागले. आलेखावरील या दोन रेषा कात्रीच्या पात्यांसारख्या दिसल्या, म्हणून त्या संकटाला कात्रीचे संकट असे नाव पडले. आजही शेतमालाच्या भावाविषयी बोलताना आपल्याकडचा शेतकरी वेगळे काही सांगत नाही. बुखारिनने कारखानदारी मालाचे भाव उतरविण्याचा आग्रह धरला. त्याचा जुना सहलेखक प्रेओब्राझेन्स्की आता विरुद्ध टोकाला होता. उद्योग उभारायचे तर त्यासाठीचे भांडवल शेतकऱ्याकडूनच काढावे लागेल, असे तो म्हणत होता. एप्रिल १९२५ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहातील सभेत बुखारिनने सर्व थरांतील शेतकऱ्यांना बिनधास्त श्रीमंत होण्याचे आवाहन केले. साम्यवादी पक्षाच्या नेत्याने असे बोलावे, याचा धक्का इतका मोठा होता की त्याला ते शब्द पुढे मागे घ्यावे लागले. मात्र धोरण त्याचेच राहिले.

ते राहिले याचे कारण स्टालिन तेव्हा त्याच्या बाजूला होता. येथे बुखारिनच्या चरित्रातील काळी बाजू झाकता येत नाही. आयुष्याच्या अखेरीस लेनिनने त्याला पक्षाचा लाडका म्हणून गौरविले होते आणि त्याच दमात त्याच्या सैद्धांतिक पक्वतेविषयी शंकाही व्यक्त केली होती. लेनिननंतरच्या सत्तासंघर्षात या लाडक्याने आपली तल्लख लेखणी ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव आणि कामेनेव यांच्याविरुद्ध परजली. विरोधकांची सभेत हुर्यो उडविणे, त्यांना पक्षाबाहेर काढणे, त्यांना छापायला जागा न देणे या साऱ्यात त्याचा हातभार होता. बाजारात अनेक विक्रेते हवेत, असे म्हणणारा हा माणूस विचारांच्या क्षेत्रात मात्र एकाच दुकानाची मक्तेदारी मान्य करीत होता. त्या दुकानाची किल्ली कोणाच्या हाती जाते आहे, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता.

१९२७ च्या अखेरीस सरकारी धान्यखरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे निम्म्यावर आली. कारण साधे होते. सरकारने धान्याचा भाव पाडून ठेवला होता, दुकानांत घेण्याजोगा माल नव्हता आणि युद्धाच्या अफवा होत्या. शेतकऱ्याने धान्य कोठारात ठेवले, गुरांना घातले किंवा खासगी व्यापाऱ्याला जास्त भावाने विकले. भाव वाढवून मार्ग काढावा, असे बुखारिनचे मत होते. स्टालिन जानेवारी १९२८ मध्ये स्वतः सायबेरियाला गेला आणि त्याने फौजदारी कायद्याचे १०७ वे कलम बाहेर काढले. साठेबाज नफेखोरांसाठी केलेले हे कलम आता आपलेच पीक घरात ठेवणाऱ्या शेतकऱ्याला लावण्यात आले. जप्त धान्यापैकी चौथा हिस्सा गावातील गरिबांना देण्याचे आमिष दाखवून शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभे करण्यात आले. बाजारांवर पहारे बसले, व्यापाऱ्यांची धरपकड झाली. धान्य मिळाले खरे, पण पुढच्या हंगामात ते आणखी आटले. १९२८ च्या अखेरीपासून शहरांत पावासाठी पुन्हा रेशनकार्डे आली.

बुखारिन हादरला. जुलै १९२८ मध्ये तो गुपचूप कामेनेवच्या घरी गेला. ज्याला त्याने स्वतःच हरविले होते, त्याच्यापुढे त्याने मन मोकळे केले. स्टालिनची तुलना त्याने चंगीझखानाशी केली. हे धोरण देशाला यादवीकडे आणि पोलिसी राज्याकडे नेईल, अशी भीती त्याने व्यक्त केली. कामेनेवने त्या भेटीचे टिपण करून ठेवले आणि पुढे ते फुटले. ३० सप्टेंबर १९२८ रोजी प्रावदात बुखारिनचा प्रसिद्ध लेख आला. भविष्यकाळातल्या विटांनी आजचे कारखाने बांधता येत नाहीत, हा त्याचा गाभा होता. स्टालिनचे नाव त्यात कोठेही नव्हते. लढाई जाहीरपणे लढण्याऐवजी त्याने ती आडवळणाने लढली आणि तो हरला. १९२९ मध्ये प्रावदा, साम्यवादी आंतरराष्ट्रीय संघटना आणि नोव्हेंबरात पॉलिट ब्यूरो ही सारी पदे गेली. महिनाअखेर त्याने चूक कबूल केल्याचे निवेदनही दिले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेतून मानवेंद्रनाथ रॉय यांचीही हकालपट्टी झाली. ज्यांच्या विचारांनी पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे महाराष्ट्रातले विद्वान प्रभावित झाले, ते हेच रॉय.

त्यानंतर जे घडले ते बुखारिनच्या भीतीपेक्षाही भीषण होते. १९३० च्या वसंतापर्यंत निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे सामुदायिक शेतीत कोंबण्यात आली. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख लोकांना कुलक ठरवून दूरवर हद्दपार केले गेले. शेतकऱ्यांनी गुरे सरकारच्या हवाली करण्याऐवजी कापून खाल्ली आणि देशातील गुरांची संख्या पाच वर्षांत जवळपास निम्मी झाली. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गा आणि उत्तर कॉकेशसमध्ये ५० लाखांहून अधिक माणसे मेली. किरकोळ व्यापारातील खासगी हिस्सा १९३० मध्येच ५-६ टक्क्यांवर आला होता. सरकारी तोर्गसिन दुकानांत मात्र सोने-चांदी देऊन पीठ मिळे. भुकेलेल्या बायकांनी लग्नाच्या अंगठ्या तेथे वजनावर घातल्या.

आणि तरीही बाजार मेला नाही. उपासमारीच्या उंबरठ्यावर, मे १९३२ मध्ये, सामुदायिक शेतांना आणि शेतकऱ्यांना सरकारी देणे दिल्यावर उरलेला माल बाजारभावाने विकण्याची मुभा स्टालिनच्याच सरकारने दिली. ऑगस्टमध्ये त्याच सरकारने नफेखोरीसाठी पाच ते दहा वर्षे छळछावणीची शिक्षा ठरवली. एका हाताने बाजार उघडायचा आणि दुसऱ्या हाताने बाजारकऱ्याला पकडायचे, हा खेळ पुढे अर्धशतक चालू राहिला. १९३५ च्या नियमावलीने शेतकरी कुटुंबाला साधारण पाव ते अर्धा हेक्टर परसबाग आणि एखादी गाय ठेवू दिली. लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे ३ टक्के असलेल्या या तुकड्यांनी कित्येक दशके देशाचे जवळपास एक चतुर्थांश शेती उत्पादन दिले.

या वर्षांत बुखारिन पराभूत, पण जिवंत होता. १९३४ मध्ये त्याला इझ्वेस्तियाचे संपादकपद मिळाले. त्याच वर्षी त्याने वयाने २५-२६ वर्षांनी लहान असलेल्या आना लारिनाशी विवाह केला. तिचा पालकपिता युरी लारिन हा खासगी भांडवलाचा कट्टर शत्रू म्हणून गाजलेला अर्थतज्ज्ञ. नेपमनविरुद्ध त्याने १९२७ मध्ये ग्रंथ लिहिला होता. १९३६ मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी मार्क्सची कागदपत्रे खरेदी करण्याच्या कामासाठी बुखारिन पॅरिसला गेला होता. परत न येण्याची संधी होती. तो परतला. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी त्याला अटक झाली. जाण्यापूर्वी भावी पिढीतील पक्षनेत्यांना उद्देशून लिहिलेले पत्र त्याने पत्नीकडून शब्दन्‌शब्द पाठ करवून घेतले. कागद सापडला असता तर दोघांच्याही जिवावर बेतले असते.

तुरुंगातील वर्षभरात त्याने चार हस्तलिखिते लिहिली. त्यांत तत्त्वज्ञानावरील ग्रंथ होता, कविता होत्या आणि स्वतःच्या बालपणावरील एक अपुरी कादंबरीही होती. ती स्टालिनच्या दप्तरात अर्धशतकाहून अधिक काळ पडून राहिली. खटल्यात त्याने कटाची सर्वसाधारण जबाबदारी स्वीकारली, पण लेनिनच्या खुनाचा बेत आणि हेरगिरी हे आरोप मात्र त्याने ठामपणे नाकारले. सरकारी वकील विशिन्स्की याच्याशी झालेल्या त्याच्या शाब्दिक चकमकी वाचताना जाणवते, की कबुलीच्या आवरणाखालून तो फिर्यादीचा एकेक धागा उसवत होता. १५ मार्च १९३८ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

आना लारिनाची सुमारे वीस वर्षे तुरुंग, छावणी आणि हद्दपारीत गेली. ते पत्र ती मनातल्या मनात रोज म्हणत राहिली. मुलगा परक्यांत आणि अनाथालयात वाढला आणि आपल्या बापाचे नाव त्याला विशीत कळले. स्टीफन कोहेन या अमेरिकी इतिहासकाराने १९७३ मध्ये लिहिलेल्या चरित्राने बुखारिनला विस्मृतीतून बाहेर काढले. गोर्बाचेवनेही ते वाचले. आर्थिक सुधारणांकडे वळलेल्या चीनमध्येही त्याच्या लेखनाचा नव्याने अभ्यास झाला. ४ फेब्रुवारी १९८८ रोजी सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. त्याच वर्षी मे महिन्यात सहकारी संस्थांचा नवा कायदा झाला आणि खासगी भोजनगृहांना आणि दुकानांना कायद्याचा व्यापक आधार मिळाला. तीन वर्षांनी ते राज्यच संपले.

बुखारिनचा मार्ग यशस्वी झाला असता काय, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. गोगलगायीच्या वेगाने चालणारा रशिया १९४१ च्या आक्रमणापुढे टिकला असता का, असे विचारणारे आहेत. त्याने स्वतः कायदा आणि विरोधी मत यांची कदर केली नाही, हेही खरे आहे. परंतु एका बाबतीत तो आपल्या सर्व सहकाऱ्यांच्या पुढे होता. पाठीवर गोणी घेऊन चोरट्या पावलांनी शहरात शिरणाऱ्या माणसात गुन्हेगार दिसतो की राज्यकर्त्याच्या चुकलेल्या हिशेबाचा पुरावा, यावर धोरणाची दिशा ठरते. गोणीवाल्यांनी दिलेला धडा बुखारिन शिकला. त्याच्या पक्षाने तो गिरवला नाही आणि त्याची किंमत त्यांनी मोजली, ज्यांच्या कोठारातले धान्य नेले गेले.